वाटीच्या आतलं नाव

ये गं, अशी जवळ ये. लांब बसून ऐकायच्या गोष्टी नाहीत या. आणि आधी मला एक सांग, लेकराला ताटली घेताना तू काय बघितलंस? ताटलीत हत्ती आहे आणि हत्तीच्या सोंडेत फुगा आहे, एवढंच ना? शिकलेली पोर तू. स्वतःला चप्पल घेताना चार दुकानं हिंडतेस, तळवा वाकवून बघतेस, आणि लेकरू ज्यात रोज तोंड घालतं ते भांडं मात्र चित्र बघून उचलतेस. रागवत नाही मी. म्हणजे, थोडी रागावते. माझ्या वयाच्या बाईला तेवढा हक्क असतो.

दिवाळी अंकाची मंडळी म्हणाली, आक्का, तुमच्या धंद्यातलं काही लिहा. मी म्हटलं, दुकान कधी उघडलं न् कधी बंद केलं हे दिवाळीत कोण वाचणार? लोकांच्या पुढं चकली असते. म्हणून हे वाचणाऱ्या तुझ्यासारख्या पोरींना मी फक्त लहान लेकरांच्या भांड्यांचं सांगते. त्यातलं मला कळतं असं लोक म्हणायचे, आणि लोकांच्या म्हणण्याला मी कधी आडकाठी केली नाही.

आमचं दुकान बारामतीत होतं. आमचे हे तराजूशी बोलायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडं. बाजारच्या दिवशी इंदापूरला पाल टाकायचो, तिथंही तोंड माझंच. शाळा माझी चौथीपर्यंत, पण भांड्यांवर नावं घालायला मी आपली आपणच शिकले. आधी छिन्नीनं, टक टक करत. पुढं विजेवर चालणारं, पेनासारखं मशीन आलं. ते चालू केलं की समोरच्या किराणावाल्याचे दात शिवशिवायचे. तो हात जोडून म्हणायचा, आक्का, लग्नसराई माझ्या दाढेत सुरू होते हो.

तर लेकराचं भांडं. मोठ्या माणसाचं भांडं हे नुसतं भांडं असतं. लेकराचं भांडं त्याचं ताट असतं, खेळणं असतं आणि हत्यारही असतं. ते त्यात खातं, त्याची कड चावतं, डोक्यावर टोपी करून घालतं, कुत्र्याला फेकून मारतं आणि तेच परत तोंडात घालतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायची, डोळे मिटा आणि कडेवरून अंगठा फिरवा. अंगठ्याला लागलं ते लेकराच्या ओठाला लागणार. कड बाहेर वळवलेली असेल तर वळणाखाली फट आहे का बघा. फटीत कालचं दूध बसतं. रंग बाहेरून असेना का, आतून नको. आतल्या चित्रावर लिंबाची फोड फिरवून पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडक्यावर हत्ती उतरला तर तो हत्ती उद्या पोटात उतरणार. पांढऱ्या मुलाम्याची ताटली टवका उडालेली असेल तर ती देवाला पण वाढू नका. आणि प्लास्टिकचा मग असेल तर त्यात कढत पाणी ओता, वर झाकण ठेवा, थोड्या वेळानं झाकण काढून नाक लावा. पाण्याला कसलाही वास यायला नको. आला तर तो मग अंघोळीला ठेवा.

त्या दिवसांत प्लास्टिक असं आलं होतं की विचारू नकोस. बाजारात ढीगच्या ढीग. गुलाबी, पोपटी, जांभळं. कशाचं वितळवून काय केलंय, कुणाला ठाऊक. मी एकदा एका पोपटी पेल्याचा वास घेतला तर थेट आमच्या शेजारच्या खताच्या दुकानात गेल्यासारखं वाटलं. विकणारा म्हणाला, नव्याचा वास असतो आक्का, जातो. मी म्हटलं, जातो खरा, पण कुठं जातो?

गिऱ्हाइकं पण एकेक. एक गुरुजी होते, ते स्टील घ्यायला कधीही आले की खिशातून लोहचुंबक काढायचे. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं, चांगलं पेढ्याएवढं. वाटीला चिकटलं की वाटी खोटी, असा त्यांचा कायदा. मी सांगून दमले की गुरुजी, चुंबक सगळंच सांगत नाही. एकदा ते चुंबक माझ्या तराजूला असं चिकटलं की आमच्या ह्यांना दुपारभर वजनाचा धंदा बंद ठेवावा लागला. आणि एक बाई होत्या, त्यांना लेकराला न फुटणारा पेला हवा होता. त्या बोलण्यावर विश्वास ठेवत नसत. दाखवीन तो पेला वर करून फरशीवर सोडायच्या. घेतला त्यांनी शेवटी स्टीलचाच. पण तोवर दुकानाची फरशी बदलायला झाली होती.

आता म्हाळूचं सांगते. त्याच्यासाठीच एवढी पाल्हाळ लावली.

म्हाळू पिंपळीचा. त्यांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. त्याच्या वडलांपर्यंत वर्षातले कितीतरी महिने घर म्हणजे घोड्यावरचं बिऱ्हाड. त्या फिरतीत म्हाळूची शाळा राहिली. पण गडी हुशार. ट्रॅक्टर शिकला, कारखान्याला ऊस वाहायला लागला. लायसन काढताना सही पाहिजे म्हणून तो स्वतःचं नाव लिहा-वाचायला शिकला. तेवढंच, पुढं नाही. आणि मग ते नाव त्यानं मिळेल त्या जागेवर लिहून टाकलं. ट्रॉलीवर, पाण्याच्या हौदावर, कोंबड्यांच्या खुराड्यावर. म्हशीच्या शिंगावर घालायचं होतं, म्हशीनं घालू दिलं नाही.

त्याची बहीण तारा अंथुर्ण्याला दिलेली. तिला पहिला मुलगा झाला, बिरदेव नाव ठेवलं, सगळे बिरू म्हणायचे. आपल्याकडं लेकराचं उष्टावण मामानं करायचं असतं. मामा मांडीवर घेतो, पहिला खिरीचा घास भरवतो आणि वाटी-चमचा देतो. म्हाळू ती वाटी घ्यायला आमच्याकडं आला. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाला लावून, सगळ्यांची वाट अडवून, नवा सदरा घालून.

मी आधी स्टीलची वाटी पुढं केली. जाड, गुळगुळीत, कशालाही सोसणारी. त्यानं हातात घेऊन तोलली आणि खाली ठेवली. स्टील काय, कोणीबी देतं, म्हणाला. हातात घेतल्यावर हात खाली गेला पाहिजे. मग पितळेची काढली. आतून कल्हई केलेली, बाहेरून सोन्यासारखी. हात खाली गेला. गडी खूश.

मी त्याला कल्हईचं सांगितलं, जसं प्रत्येकाला सांगायची. पितळेला आंबट सोसत नाही. ताक, दही, चिंचेचं सार पितळेत ठेवलं की कळकतं, हिरवट पाणी सुटतं, आणि ते पोटात गेलं की पोट ते परत पाठवतं. मोठ्या माणसाला मळमळ होते, लेकराचे तर हालच. म्हणून आतून कथलाचा पांढरा हात देतात. सदऱ्याच्या आत बनियन असतं तसं. ते विरलं की परत कल्हई करून घ्यायची, आणि घासताना चिंच-राख लावायची ती बाहेरून, आतून नाही.

म्हाळू मान हलवत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता हितं आत नाव घाला."

मी म्हटलं, बाहेर घालते, काठाखाली, छान गोल. तर नको. बाहेर घातलेलं नाव पोरगं कधी वाचणार? आत घातलं की घास संपत जाईल तसा मामा वर येत जाईल. दोन्ही हात पसरून त्यानं मला दाखवलं, कसा वर येत जाईल ते.

"आत नाव घातलं की बनियन फाटलं," मी म्हटलं. "मी न्हाय घालणार."

"नाव माझं, वाटी माझी, भाचा माझा."

"आणि मशीन माझं."

तो वाटी घेऊन गेला. जाताना ट्रॅक्टरचा कर्णा उगाच दोनदा वाजवला.

पुढचं मला हौसानं सांगितलं. हौसा म्हणजे बिरूची आत्या, ताराच्या नवऱ्याची बहीण, बारामतीतच आमच्या मागच्या आळीत दिलेली. ती एका दुपारी दुकानात आली, काही घेतलं नाही, नुसती पायरीवर बसून पदरानं माझ्या वाट्या पुसायला लागली. बाई अशा वाट्या पुसायला लागली की समजावं, हिच्या पोटात काहीतरी आहे.

म्हाळूनं इंदापूरच्या बाजारातल्या एका नाव घालणाऱ्याकडून वाटी करून घेतली होती. आत मधोमध ट्रॅक्टरचं चित्र. त्याच्याभोवती गोल, मोठ्या अक्षरांत, 'चि. बिरदेव यास मामा म्हाळू यांजकडून सप्रेम भेट, मु. पो. पिंपळी'. एवढं सगळं एका वाटीत. उष्टावणाला कर्णा लावलेला, आहेर पुकारणारा माणूस उभा. खीर संपत आली तसा गाळातनं निघावा तसा ट्रॅक्टर वर आला आणि मांडवातले लोक उठून उठून बघायला आले. हौसानं पिवळाधमक, बदकाच्या आकाराचा प्लास्टिकचा मग आणला होता. त्याच्याकडं कुणी बघितलंही नाही. आणि तेव्हा ती समोर बसून एवढंच बोलली, बाई गं, केवढी ही वाटी.

बिरू ताक-भात खायला लागेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग पोरगं ओकायला लागलं. खाल्लं की थोड्या वेळानं ओकायचं. मान काडीसारखी झाली. म्हाळू येऊन बघून गेला आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, पोराला दृष्ट लागली. कुणाची, ते नाव घेतलं नाही. पण वाटीकडं बघून कोण बोललं होतं हे काय कुणी विसरलं होतं?

डॉक्टरांकडं नेलं होतं बरं का, असं समजू नकोस की नुसतं मीठ-मोहऱ्या ओवाळत बसले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि नेमकं विचारलं, पोरगं कशात खातं? ती भांडी मला आणून दाखवा. पण बिरूची आजी म्हणाली, मामानं दिलेल्या उष्टावणाच्या वाटीला दवाखान्याची पायरी दाखवायची न्हाय, वंगाळ असतंय. म्हणून त्यांनी डॉक्टरांना घरातला पाण्याचा तांब्या नेऊन दाखवला. डॉक्टरांनी तो उलटसुलट बघितला आणि म्हणाले, तांब्या चांगला आहे.

"आक्का," हौसा म्हणाली, "पंचमीला मला बोलवणं आलं न्हाय. माझं म्हायेर तुटतंय वो. आन तिकडं पोरगं वाळत चाललंय. कुणाचं आधी रडू?"

मी तिला विचारलं, वाटीत नाव कसं दिसतं? चमकतं का काळं पडलंय? ती म्हणाली, सोन्यासारखं चमकतंय. तिथं माझ्या मनात घंटा वाजली. पितळेवर ओरखडा असला तर तो काही दिवसांत काळा पडायला हवा. चमकतोय म्हणजे कुणीतरी रोज चमकवतंय.

दुकान ह्यांच्यावर सोपवलं, आणि हौसाला घेऊन अंथुर्ण्याची एसटी धरली. गाडीत ती मला सारखी विचारत होती, तुमी काय म्हणून येताय सांगणार? मी म्हटलं, भांडेवाली आहे, भांडी बघायला आले म्हणेन. त्यात खोटं काय आहे?

दारात म्हाळूचा ट्रॅक्टर उभा. म्हणजे सगळेच भेटणार. आत तारा बिरूला मांडीवर घेऊन बसलेली, पोरगं मलूल, डोळे तेवढे मोठे. आजी चुलीपाशी. हौसाला बघून कुणी ये म्हणालं नाही, पण माझ्याबरोबर आहे म्हणून पाण्याचा तांब्या पुढं आला. मी मुद्दाम म्हटलं, तांब्या चांगला आहे. तारा एकदम हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

मी वाटीचं नावच काढलं नाही. म्हटलं, आलेच आहे तर लेकराची सगळी भांडी बघते, पहिलं हौसाचं बदक आणा. म्हाळू लगेच उठून बसला. बदकाची तपासणी त्याला पसंत होती. कढत पाणी ओतलं, वर ताटली झाकली, मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग ताटली काढून बदक आधी आजीच्या नाकाशी नेलं, मग ताराच्या, मग म्हाळूच्या. म्हाळूनं जोरात वास घेतला आणि त्याला ठसका लागला. नव्या टायरच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणाला. मग भुवया उंच करून हौसाकडं असं बघितलं, जसं कोर्टात वकिलानं बघावं.

हौसा रडकुंडीला आली. मी म्हटलं, दुधाला हे बदक नको, ताराबाई, न्हाणीत ठेवा. आता राहिलेली भांडी आणा.

राहिली एकच. आजीनं ती फळीवरून उतरवून दोन्ही हातांनी आणली, वर झाकण होतं. आत सकाळचा ताक-भात. पोरगं थोडं थोडं खातं म्हणून सकाळी कालवून त्यातच ठेवायची पद्धत, दुपारपर्यंत पुरायचा. मी भात ताटलीत काढला, वाटी रिकामी केली आणि पुसायला काही पांढरं आहे का विचारलं. म्हाळूनं ऐटीत खिशातला नवा रुमाल काढून दिला. मी तो वाटीत दाबून ट्रॅक्टरवरून, अक्षरांवरून एक फेरी मारली आणि सगळ्यांपुढं उघडून धरला.

रुमालावर हिरवट ट्रॅक्टर उठला होता. त्याच्याभोवती हिरवट अक्षरं, उलटी, पण गोल.

म्हाळूनं रुमाल माझ्या हातातून घेतला, उजेडात नेला, परत आणला. "हे माझंच नाव हाय का?" म्हणाला.

मी म्हटलं, तुमचंच. आणि मग वाटी त्याच्यापुढं धरून दाखवलं. नुसती अक्षरंच नाही, आजूबाजूची कल्हईही विरून पिवळं दिसायला लागलं होतं. आजीला विचारलं, आत काय लावता? आजी अभिमानानं म्हणाली, रोज चिंच लावते. मामाचं नाव काळं पडाय नको. कुणी पाव्हणा आला आणि नाव वाचता नाही आलं तर पिंपळीला काय तोंड दाखवायचं? बिचारीनं व्याह्यांच्या मानासाठी रोज सकाळी हात दुखेपर्यंत घासलं होतं.

बघ कसं आहे. मामानं प्रेमानं नाव घातलं, आजीनं मानानं घासलं, आईनं सोयीनं ताक कालवून ठेवलं, आणि आत्यानं हौसेनं बदक आणलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि सगळं पोराच्या पोटात गेलं.

मला वाटलं होतं, म्हाळू चिडेल. तो चिडला नाही, पण हटून बसला. मग म्हणाला, परत कल्हई करून आणतो, त्यात काय. मी सांगितलं, अशी नाही होत. ही अक्षरं खोल आहेत, त्यात कथील नीट बसायचं नाही आणि बसलं तरी घाण अडकणार. आधी आतून सगळं कानशीनं घासून सपाट करायचं, मग कल्हई. म्हणजे नाव जाणार.

"समदं?"

"समदं."

तो उठून बाहेर गेला. आम्हाला वाटलं, गेला ट्रॅक्टर घेऊन. तारा दाराकडं बघत राहिली. पण आवाज आला तो ट्रॅक्टरचा नाही, हत्यारांच्या पेटीचा. कानस घेऊन आला, ओट्यावर बसला आणि वाटी गुडघ्यात धरली. एवढी मोठी कानस आणि एवढीशी वाटी, बसेना. मग कानशीचा तुकडा शोधून आणला. आणि घासायला लागला.

मी जवळच बसले होते, मला सगळं दिसत होतं. त्यानं आधी पिंपळी घालवली. मग 'मु. पो.'. मग 'सप्रेम भेट', त्यावर काही फार वेळ लागला नाही. ट्रॅक्टरशी थांबला, चाकांवरून बोट फिरवलं, आणि तोही घासला. 'चि. बिरदेव यास' गेलं, 'यांजकडून' गेलं. आता वाटीत फक्त दोन शब्द, 'मामा म्हाळू'. त्यानं कानस खाली ठेवली, कपाळ पुसलं, पाणी मागितलं. पाणी हौसानं आणून दिलं. त्यानं ते तिच्या हातून घेतलं, आणि हे सगळ्यांनी बघितलं.

"एवढं दोनच शब्द ठेवलं तर?" तो मला म्हणाला. बाजारात भाव करतात तसं.

माझ्या आधी हौसा बोलली. "दादा, पोराला मामाचं नाव वाचायची काय गरज? त्यो तुमाला तोंडानं वळखतो. नाव बुडाखाली घाला की, बाहेरनं. पोरगं वाटी तोंडाला लावून ताक पिलं की बूड वर येतंय. समोर बसल्याला दिसतंय."

म्हाळूनं विचार केला. रिकामी वाटी उचलून त्यानं स्वतःच्या तोंडाला लावली, डोकं मागं टाकलं आणि वाटीच्या आतूनच विचारलं, "दिसतंय का?"

बूड दिसतंय, आम्ही म्हटलं.

"समोर कोण कोण बसतंय जेवताना?"

तारा म्हणाली, सगळेच. मामंजी, दीर, आलागेला पाव्हणा.

त्यानं वाटी खाली घेतली, कानस उचलली आणि उरलेले दोन शब्दही घालवले. तेवढ्यापुरती आम्ही सगळ्यांनी मान दुसरीकडं केली. काही गोष्टी बघू नयेत.

बिरूला तोवर स्टीलच्या वाटीत वाढायला सुरुवात केली, आणि हौसा आणि तारा दोघी मिळून त्याला परत डॉक्टरांकडं घेऊन गेल्या, या वेळी पितळी वाटी पदराखाली घेऊन. डॉक्टरांनी बघितली आणि म्हणाले, हीच मागत होतो मी. पोरगं ओकायचं थांबलं. मग हळूहळू त्याला भूक लागायला लागली, आणि लागली ती अशी की आजी म्हणायची, आता जरा कमी लागली तरी चालंल.

वाटी माझ्याकडं आली. बुडावर 'मामा म्हाळू' एवढं नाव मीच घातलं, कारण आधी नाव आणि मग कल्हई, हा क्रम चुकवून चालत नाही. मशीनच्या आवाजानं समोरचा किराणावाला गाल धरून बसला. मग आमच्या ओळखीच्या कल्हईवाल्या चाचांनी भाता लावून वाटी तापवली, नवसागर टाकला, धूर केला आणि कापसानं कथील फिरवलं. कथील चांगलं आहे ना, हे मी त्यांना दर वेळी विचारायची आणि ते दर वेळी रागवायचे. पण विचारायचं. स्वस्ताईसाठी कथलात शिसं मिसळणारेही असतात, आणि शिसं लेकराला वाईटच. शिशाची कल्हई बोटानं चोळली की बोट काळं होतं. चाचांची चोळली, बोट पांढरंच राहिलं. रागावलेल्या चाचांना चहा पाजला.

आता कुणी लेकरासाठी पितळेची वाटी घेत नाही, आणि मी काही घ्या म्हणत नाही. कल्हईवालेही राहिले नाहीत. मला हळहळ वाटते ती वेगळ्याची. लोक भांडं हातातच घेत नाहीत आता. पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद असतं, वर चित्र. अंगठा फिरवणार कशावर?

पंचमी तर निघून गेली होती, पण गौरीला हौसाला माहेरचं बोलवणं आलं. तिनं हट्टानं मलाही नेलं. पंगत बसली. बिरूला वर्ष होऊन गेलं होतं, गाल भरले होते, त्याला मधे बसवला होता आणि बरोबर त्याच्या समोर, मामंजींना थोडं बाजूला सरकवून, म्हाळू. त्याच्या स्वतःच्या ताटात काय वाढलंय याच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. भात झाला, ताक राहिलं. बिरूनं दोन्ही हातांनी वाटी उचलली. जड ती, म्हणून आजीनं खालून हात लावायला घेतला.

"हात काढा," म्हाळू म्हणाला, "दिसत न्हाय."

आजीनं हात काढला. बिरूनं डोकं मागं टाकलं, बूड वर आलं. नाव जरा तिरकं आलं होतं. म्हाळूनं मान वाकडी केली आणि एकेका अक्षरावर थांबत, पंगतीला ऐकू जाईल असं, सगळं वाचलं. बिरूनं वाटी खाली ठेवली, ओठावर पांढरी मिशी.

"हौसाताई," म्हाळू म्हणाला, "अजून थोडं ताक वाढा की त्याला."

तर असं. तू आता लवकर ये बघ. बारामतीला स्टँडवर उतरलीस की भांडेवाल्या आक्का कुठं राहतात म्हणून विचार, कुणीही सांगेल. फोन करून मात्र येऊ नकोस. फोन आला की मी घर आवरत बसते आणि बोलायचं राहून जातं. तशीच ये, लेकराला घेऊन ये, आणि मुक्कामाला ये.